हनोईच्या रस्त्यावरची दुचाकी : एका गर्दीचा इतिहास

व्हिएतनामहून परतलेला मराठी प्रवासी दोन गोष्टी हमखास सांगतो. पहिली तिथल्या कॉफीची आणि दुसरी तिथल्या रस्त्यांची. दुसऱ्या गोष्टीचा शेवट बहुधा ‘आपल्यापेक्षाही भयंकर’ या शब्दांनी होतो आणि त्यात थोडासा दिलासाही मिसळलेला असतो. सुमारे १० कोटी लोकवस्तीच्या या देशात नोंदणी झालेल्या दुचाकींची संख्या ६ कोटींच्या वर आहे. सकाळी सातच्या सुमारास भाड्याची दुचाकी घेऊन हनोईच्या जुन्या पेठांतून निघालेल्या परक्या माणसाला हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही.

आजचा धागा या गर्दीविषयी आहे. ती आली कुठून, या प्रश्नाचे उत्तर ‘लोकसंख्या’ किंवा ‘बेशिस्त’ अशा एका शब्दात आटोपते, असे आपण सहसा गृहीत धरतो. परंतु १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हनोई हे सायकलींचे, बरेचसे निःशब्द शहर होते. ‘आशियाई माणसाचा स्वभावच तसा’ म्हणून जे दृश्य खपवले जाते, त्याचे वय जेमतेम एका पिढीचे आहे. त्याच्यामागे एक वसाहत, दोन युद्धे, एक दीर्घ टंचाई आणि एक आर्थिक वळण उभे आहे. धागा लांबणार आहे, सवडीने वाचावा.

प्रथम शहराच्या बांधणीकडे पाहू, कारण दुचाकीचे निम्मे रहस्य तिथेच आहे.

हनोईच्या जुन्या भागाला ‘छत्तीस पेठा’ म्हणतात. तिथल्या अनेक रस्त्यांच्या नावांची सुरुवात ‘हांग’ या शब्दाने होते आणि त्यापुढे त्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मालाचे नाव येते. हांग बाक म्हणजे चांदीवाल्यांची आळी, हांग मा म्हणजे पूजेतल्या कागदी वस्तूंची. ज्याने पुण्यात तांबट आळी पाहिली आहे, त्याला हे सारे ओळखीचे वाटेल. या पेठांतले घर अरुंद आणि अतिशय खोल असते. दर्शनी बाजू दोन-चार मीटर, आत मात्र चिंचोळ्या बोळासारखे लांबच लांब. प्रत्येक व्यापाऱ्याला दुकानाचे तोंड रस्त्याकडे हवे असे, त्यामुळे दर्शनी जागा महाग झाली आणि घरे मागे मागे वाढत गेली. व्हिएतनामी भाषेत अशा घराला ‘नळीघर’ या अर्थाचाच शब्द आहे.

फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हनोईचा ताबा घेतला आणि १९०२ मध्ये ते फ्रेंच इंडोचायनाच्या राजधानीचे शहर झाले. त्यांनी होआन कीएम तलावाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला रुंद, वृक्षाच्छादित रस्ते आखले, प्रशासकीय इमारती आणि बंगले बांधले. व्हिएतनामी वस्ती जिथे होती तिथेच, पूर्वीपेक्षा अधिक दाटीने राहिली. पुढे शहर फुगले ते गल्ल्यांतून आणि गल्ल्यांच्या उपगल्ल्यांतून. आजही शहरातील असंख्य कुटुंबे अशा ठिकाणी राहतात की जिथे मोटार शिरूच शकत नाही. दुचाकी मात्र शिरते. इतकेच नव्हे, तर रात्री ती उंबरठ्यावरच्या छोट्या उतारावरून थेट बैठकीच्या खोलीत जाते आणि दूरचित्रवाणीच्या शेजारी उभी राहते. गल्लीच्या मापाचे वाहन ते गल्लीत टिकते, इतका हा साधा हिशेब आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. धाग्याच्या शेवटी ती पुन्हा लागेल.

फ्रेंचांनी आणखी एक गोष्ट मागे ठेवली : रस्त्याची उजवी बाजू. आपण इंग्रजांमुळे डावीकडून चालतो, ते फ्रेंचांमुळे उजवीकडून. वसाहतवादाचे परिणाम अभ्यासताना आम्ही वर्गात जमीनमहसूल आणि शिक्षणपद्धती यांवर तासन्‌तास बोलतो. पण साम्राज्य माणसाच्या मणक्यापर्यंत कसे उतरलेले असते, हे समजून घ्यायचे असेल तर पुण्याच्या माणसाला हनोईत डावे वळण घ्यायला लावावे.

आता सायकल. फ्रेंच अमलात ती प्रथम युरोपीयांची आणि सधनांची चैन होती. पुढे ती सर्वसामान्यांपर्यंत उतरली, आणि १९५४ मध्ये तिनेच फ्रेंच साम्राज्याच्या पराभवाला हातभार लावला. दिएन बिएन फूचा वेढा १३ मार्च ते ७ मे १९५४ या काळात चालला. लाओसच्या सीमेजवळच्या त्या डोंगराळ खोऱ्यात व्हिएत मिन्ह इतक्या मोठ्या सैन्याला अन्नपुरवठा करूच शकणार नाही, असा फ्रेंच सेनापतींचा हिशेब होता. मालमोटारी कमी, रस्ते कच्चे, वरून विमानांचा मारा. व्हिएत मिन्हने मालमोटारींच्या जोडीला सुमारे २०,००० सायकली उतरवल्या. त्यांवर कुणी बसत नसे. हॅन्डलला एक लांब बांबू बांधायचा, सीटच्या जागी दुसरा उभा करायचा, चौकटीला आधार द्यायचा आणि दोन्ही बाजूंना तांदळाची पोती लटकवून सायकल ढकलत न्यायची. माणूस पाठीवर वाहून नेईल त्याच्या कितीतरी पट, २०० किलो आणि त्याहूनही अधिक ओझे, अशा एका सायकलीवर जाई. व्हिएतनामी भाषेत या भारवाहू सायकलीला ‘से थो’ म्हणतात आणि ती तिथल्या संग्रहालयांत तोफांच्या बरोबरीने मांडलेली दिसते.

(व्हिएतनाम म्हटले की आपल्याकडे गनिमी काव्याच्या प्रेरणेचा तो प्रसिद्ध संदेश फिरू लागतोच. त्याला कोणत्याही विश्वसनीय साधनाचा आधार नाही. शिवकालाचे महत्त्व अशा दाखल्यांवर अवलंबून नाही आणि दिएन बिएन फूचेही नाही.)

अमेरिकेबरोबरच्या युद्धातही सायकल कामाला आली. उत्तर व्हिएतनामला भेट देऊन आलेले अमेरिकी पत्रकार हॅरिसन सॅलिसबरी यांनी १९६७ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीसमोर साक्ष दिली, तेव्हा सायकलींवाचून हे युद्ध शत्रूला चालवताच येणार नाही अशा अर्थाचे विधान त्यांनी केले. त्यावर समितीचे अध्यक्ष फुलब्राइट यांनी, मग पुलांऐवजी सायकलींवरच बॉम्ब का टाकत नाही, असा प्रश्न केला. सभागृहात हशा पिकला म्हणतात. प्रश्न मात्र हसण्याजोगा नव्हता.

उत्तरेत सायकल होती, तर दक्षिणेत याच वर्षांत वेगळेच काही घडत होते. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे प्रकरण हेच आहे.

सायगॉनमध्ये फ्रेंच बनावटीच्या मोबिलेट आणि सोलेक्स मोपेड होत्या, इटालियन व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा होत्या. परंतु त्या मध्यमवर्गापुरत्या. मार्च १९६५ मध्ये अमेरिकी भूदल दानांगला उतरले आणि पुढच्या तीन वर्षांत अमेरिकी सैनिकांची संख्या ५ लाखांच्या पुढे गेली. सैन्याबरोबर पैसा आला : छावण्या बांधणाऱ्या मजुरांचे वेतन, भाडी, बार, धुलाई, दुभाषे. खेड्यांवर बॉम्ब पडत होते म्हणून लक्षावधी लोक शहरांत येत होते. हातात पियास्टर खेळत होते आणि बाजारात माल नव्हता. चलनवाढ भडकली.

यावर अमेरिकेकडे एक जुने साधन होते, व्यापारी आयात योजना. १९५५ पासून ती चालू होती. तिची रचना मोठी चतुर होती. अमेरिका डॉलर देई. सायगॉनचा आयातदार त्या डॉलरमधून परदेशी माल मागवी आणि त्याची किंमत स्थानिक चलनात भरी. ते स्थानिक चलन दक्षिण व्हिएतनाम सरकारच्या तिजोरीत जाऊन त्यातून सैन्याचे आणि नोकरशाहीचे पगार होत. म्हणजे एकाच व्यवहारात सरकारचा खर्च भागे आणि लोकांच्या हातातला जादा पैसा मालाच्या रूपाने शोषला जाई. शोषून घेण्यासाठी अशी वस्तू हवी की जी प्रत्येकाला हवीशी वाटेल, सहज विकली जाईल आणि तुलनेने महाग असेल. १९६६-६७ पासून सायगॉनच्या बंदरावर जपानी दुचाकी मोठ्या संख्येने उतरू लागल्या. त्यांत अग्रभागी होती होंडाची सुपर कब.

या यंत्राबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. सोइचिरो होंडा आणि त्यांचे व्यवसायातील भागीदार ताकेओ फुजिसावा १९५६ मध्ये युरोपात गेले आणि तिथल्या मोपेड पाहून आले. फुजिसावांचा आग्रह असा की, नूडल्स पोहोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात थाळ्या धरून दुसऱ्या हाताने चालवता आली पाहिजे, अशी गाडी करा. ऑगस्ट १९५८ मध्ये सुपर कब बाजारात आली. ४९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन. गिअर पायाने बदलायचे, पण क्लच आपोआप लागणारा, म्हणून डाव्या हाताला काहीच काम नाही. पायांसमोर चिखल अडवणारे प्लास्टिकचे कवच. आणि मध्ये टाकी नसल्यामुळे लांब झगा किंवा साडी नेसलेल्या व्यक्तीलाही सहज चढता येईल अशी खालून वाकलेली चौकट. ऑक्टोबर २०१७ मध्ये या मालिकेतील गाड्यांची एकूण संख्या १० कोटींवर पोहोचली. इतक्या संख्येने बनलेले दुसरे मोटारवाहन जगात नाही.

जपानमधल्या नूडल्सवाल्यासाठी घडवलेली ही गाडी सायगॉनला जणू मापाने शिवून आल्यासारखी बसली. आओ झाय हा लांब पोशाख घालून शाळेत जाणाऱ्या मुलींना ती चालवता येई. पावसाळ्यातल्या तुंबलेल्या रस्त्यांवरून ती जाई. तिला पेट्रोल किरकोळ लागे आणि कोपऱ्यावरचा कारागीर तिची दुरुस्ती करू शके. दक्षिणेत ‘होंडा’ हा शब्द लवकरच दुचाकीचा पर्याय बनला, जसा आपल्याकडे वनस्पती तुपाला ‘डालडा’. भाड्याने मागे बसवून नेणाऱ्याला दक्षिणेत ‘होंडा ओम’ म्हणू लागले, तर उत्तरेत पुढे ‘से ओम’ हा शब्द रूढ झाला. ‘ओम’चा अर्थ मिठी मारणे. धावत्या गाडीवरून सैनिकांची घड्याळे आणि पाकिटे हिसकावणाऱ्या तरुणांना ‘होंडा काउबॉय’ हे नाव पडले.

मुद्दा असा की, सायगॉनच्या रस्त्यांवर दुचाकींचा पूर यावा असे कोणत्याही नगररचनाकाराने ठरवलेले नव्हते. तो चलनवाढीवरचा इलाज होता, आणि तो करणाऱ्यांच्या टेबलावर रस्त्यांचा नकाशा बहुधा नव्हताच. अमेरिकी पैसा, जपानी कारखाना आणि व्हिएतनामी गरज यांच्या भेटीतून एक शहरी सवय जन्माला आली. सैन्य १९७३ मध्ये परतले. सवय राहिली.

३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेचे रणगाडे सायगॉनच्या स्वातंत्र्य प्रासादाच्या फाटकातून आत शिरले. पुढची दहा-अकरा वर्षे व्हिएतनामी लोक ‘बाओ काप’ या नावाने ओळखतात, म्हणजे सरकारी पुरवठ्याचा काळ. तांदूळ, मांस, कापड, रॉकेल, सर्व काही कुपनांवर. रांगेत स्वतःच्या जागी विटेचा तुकडा ठेवून घरी जायचे, अशी आठवण त्या पिढीतले लोक सांगतात. पेट्रोल दुर्मिळ झाले, सायगॉनच्या होंडा गाड्या घरात उभ्या राहिल्या आणि संपूर्ण देश पुन्हा सायकलीवर आला. सायकल ही मालमत्ता होती; तिचे टायर, तिची साखळी यांसाठीही वाटपाची वाट पाहावी लागे.

तरीही मोटारसायकल पूर्णपणे लोपली नाही. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ या मित्रराष्ट्रांत व्हिएतनामी कामगार आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने जात. परतताना ते पैशाऐवजी वस्तू आणत, कारण घरी पैशाला किंमत नव्हती, वस्तूला होती. पूर्व जर्मनीची सिम्सन, चेकोस्लोव्हाकियाची बाबेटा, मिन्स्क शहराच्या नावाची ती धुरकट आणि दणकट सोव्हिएत गाडी, अशा उत्तरेतल्या पहिल्या मोटारसायकली बऱ्याच अंशी या वाटेने आल्या. हे वाचताना मला आपल्या आजोबांच्या पिढीची आठवण होते. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि परदेशातल्या नातलगाने परकीय चलन भरले तर मात्र ती लवकर मिळायची. दोन देशांच्या राज्यव्यवस्था भिन्न होत्या, टंचाईचे व्याकरण सारखेच होते.

डिसेंबर १९८६ मध्ये व्हिएतनामी कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले. खासगी व्यापाराला मुभा मिळाली, शेतकऱ्याला स्वतःचे पीक विकता येऊ लागले. हातात पैसा येताच लोकांनी पहिली मोठी खरेदी कोणती केली असेल, हे सांगायला नको. जपानमधून वापरलेल्या कब आल्या, थायलंडमधून होंडा ड्रीम आली. ‘ड्रीम’ हे नाव त्या दशकात व्हिएतनामी मध्यमवर्गाने अगदी शब्दशः घेतले होते; दारात ड्रीम असणे म्हणजे घर मार्गी लागणे.

इथे एक छोटी तांत्रिक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जपान आणि थायलंड हे दोन्ही देश आपल्याप्रमाणे डावीकडून वाहने चालवतात. तिथली वापरलेली मोटार उजव्या बाजूने चालणाऱ्या व्हिएतनामला उपयोगाची नाही, तिचे स्टिअरिंग चुकीच्या बाजूला असते. दुचाकीचे हॅन्डल मध्यभागी असते. फ्रेंचांनी ठरवलेली बाजू शेजारच्या मोटारींना अडसर ठरली, दुचाकीला नाही.

अमेरिकेने फेब्रुवारी १९९४ मध्ये व्यापारबंदी उठवली, १९९६ मध्ये होंडाने व्हिएतनाममध्ये कंपनी स्थापन केली आणि लवकरच स्थानिक उत्पादन सुरू झाले. तरी गाडी सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आली ती चीनमुळे. २००० च्या आसपास चिनी सुट्या भागांतून जोडलेल्या, होंडासारख्याच दिसणाऱ्या गाड्या अत्यल्प किमतीत बाजारात ओतल्या गेल्या. त्यांची गुणवत्ता बेताचीच होती. पण त्यांच्या स्पर्धेमुळे होंडालाही २००२ मध्ये वेव्ह अल्फा ही स्वस्त गाडी काढावी लागली. भाजीवाली, गवंडी, शाळामास्तर, सगळे त्या तीन-चार वर्षांत सायकलीवरून मोटारसायकलीवर आले. आज दिसणारी गर्दी ही प्रामुख्याने त्या लाटेची लेक आहे.

आता त्या गर्दीत शिरू. काही दिवस मी हनोईत भाड्याची दुचाकी चालवली आहे, तेव्हा हा भाग थोडा स्वानुभवाचा.

डाव्या हाताला क्लच नसतो आणि भारतीय बोटे सवयीने हवेतच मिटत राहतात. पहिल्या तासात एवढेच कळते की इथे कुणी आरशात पाहत नाही. दुसऱ्या तासात त्याचे कारण कळते : प्रत्येक जण फक्त पुढच्या अर्धवर्तुळाची जबाबदारी घेतो, आणि तुम्ही ज्याच्या पुढे आहात तो तुमची जबाबदारी घेतो. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा मान न वळवता येतो, कारण त्याला सामावून घेणे हे मागच्यांचे काम आहे. हॉर्न रागाचा नसतो, ‘मी इथे आहे’ एवढेच तो सांगतो. वेग फार नसतो. ज्याची हालचाल इतरांना आधी ओळखता येते तो सुरक्षित, आणि अचानक थांबणारा किंवा सौजन्याने वाट देणारा सर्वांत धोकादायक. पायी रस्ता ओलांडणाऱ्यालाही तिथे हेच सांगतात : संथ चाला, एका गतीने चाला, थबकू नका आणि मागे तर मुळीच फिरू नका.

(परवान्याविषयी एक वाक्य, कारण प्रश्न येणारच. आंतरराष्ट्रीय परवान्यांचे दोन करार आहेत, जिनिव्हाचा १९४९ चा आणि व्हिएन्नाचा १९६८ चा. भारत पहिल्यात आहे, व्हिएतनाम दुसऱ्यात. त्यामुळे आपल्याकडून काढून नेलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे ग्राह्य ठरत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्याने देणारा हे सांगेलच असे नाही. ५० सीसीच्या आतली गाडी घेतल्यास हा प्रश्न बराच सौम्य होतो. जाण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत.)

या रस्त्याचे वर्णन करताना प्रवासवर्णनकार ‘नदी’, ‘माशांचा थवा’ अशा उपमा देतात. उपमा चुकीच्या नाहीत. वरून हुकूम नसताना शेकडो छोट्या निर्णयांतून एक व्यवस्था आकाराला येते, हे तिथे डोळ्यांसमोर दिसते. ज्या विद्वानाने हा विषय आयुष्यभर अभ्यासला, तो हनोईला आला तेव्हा त्यालाही याच गोष्टीने मोहिनी घातली. सेमूर पॅपर्ट हे त्याचे नाव. शाळेत संगणकाच्या तासाला पडद्यावर कासव फिरवून ज्यांनी चौकोन काढले असतील, त्यांनी पॅपर्ट यांचे काम वापरलेले आहे. ‘लोगो’ या भाषेच्या निर्मात्यांपैकी ते एक. डिसेंबर २००६ मध्ये गणितशिक्षणाच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ते हनोईत आले होते. हनोईच्या वाहतुकीचे गणिती प्रारूप कसे तयार करता येईल, याविषयी ते सहकाऱ्याशी बोलत होते. त्याच मुक्कामात रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलीने त्यांना धडक दिली. मेंदूला गंभीर इजा झाली. ७८ वर्षांचे पॅपर्ट बचावले, पण पूर्ववत कधीच झाले नाहीत. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही हकीकत अनेकदा विचित्र योगायोग म्हणून सांगितली जाते. मला त्यात योगायोगापेक्षा इशारा दिसतो. ‘गोंधळातली व्यवस्था’ हे वाक्य पर्यटकाला सुंदर वाटते, कारण तो चार दिवसांत परततो. सरासरीने ती व्यवस्था चालते. पण सरासरीच्या बाहेर पडलेला माणूस रुग्णालयात असतो. त्या दशकात व्हिएतनाममध्ये दरवर्षी हजारोंच्या संख्येने लोक रस्त्यावर मरत होते, आणि त्यांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता.

आणि त्याच देशाने पुढच्याच वर्षी जे करून दाखवले, ते पुणेकरांनी बसून वाचावे असे आहे. हेल्मेट तिथेही कुणाला नको होते. गरम होते, केस बिघडतात, ऐकू येत नाही. सगळी कारणे आपल्या परिचयाची. लोक थट्टेने त्याला ‘भाताचा कुकर’ म्हणत. १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर, चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही, हेल्मेट सक्तीचे झाले. तत्पूर्वी काही महिने जाहिराती झाल्या, उष्ण हवामानाला सोसतील अशी हलकी हेल्मेटे बनवली गेली, सरकारी नोकरांना आधी सक्ती झाली, दंड भक्कम ठेवला गेला. त्या सकाळी हनोई आणि सायगॉनच्या रस्त्यांवर दहांपैकी नऊहून अधिक डोक्यांवर हेल्मेट होते. पुढच्या काही महिन्यांत रुग्णालयांतील नोंदींवरून केलेल्या अभ्यासांत डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एकपक्षीय राजवटीला हे सोपे होते, असा युक्तिवाद आपल्याकडे केला जातो. तो पूर्ण खरा नाही. याच राजवटीचे याच दुचाकीपुढे एकदा चालले नव्हते.

२००३ मध्ये सरकारने ‘एका व्यक्तीला एकच मोटारसायकल’ असा नियम केला आणि हनोईने मध्यवर्ती भागांत नव्या गाड्यांची नोंदणीच थांबवली. लोकांनी खेड्यातल्या मावशीच्या, आजोबांच्या नावाने गाड्या घेतल्या. नागरिकाच्या मालमत्तेच्या हक्कावर हे अतिक्रमण आहे, असा आक्षेप खुद्द शासनयंत्रणेतल्या कायदेतज्ज्ञांनी घेतला आणि २००५ च्या अखेरीस नियम मागे घ्यावा लागला. समाजवादी प्रजासत्ताकात खासगी मालमत्तेच्या बाजूने झालेला हा गाजलेला वाद मोटारसायकलीवरून व्हावा, हे मला अत्यंत बोलके वाटते. हेल्मेटने लोकांच्या डोक्याला हात घातला, तो त्यांनी सोसला. नोंदणीबंदीने त्यांच्या पोटाला हात घातला, तो सोसला नाही.

तोच वाद आज पुन्हा उभा आहे. जुलै २०१७ मध्ये हनोईच्या लोकपरिषदेने २०३० पर्यंत मध्यवर्ती भागांत मोटारसायकलींवर निर्बंध आणण्याचा ठराव केला. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधानांनी निर्देश दिला की, १ जुलै २०२६ पासून शहराच्या पहिल्या वर्तुळाकार मार्गाच्या आत पेट्रोलच्या दुचाकी नसाव्यात. हवा वाईट आहे, हे कुणीच नाकारत नाही. हिवाळ्यात हनोईच्या आकाशाचा रंग दिल्लीकराला ओळखता येईल. पण हनोईची पहिली मेट्रो मार्गिका नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि हो चि मिन्ह शहराची डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. मेट्रो रुंद रस्त्यावर थांबते. माणूस गल्लीच्या पोटात राहतो. पहाटे फुले घेऊन बाजारात येणारी बाई, दिवसभर पार्सले पोहोचवणारा तरुण, म्हातारपणी ‘से ओम’ चालवणारा माजी सैनिक यांचे भांडवल म्हणजे ती एक जुनी वेव्ह. तिच्या जागी विजेवरची गाडी घ्यायला सांगणे सोपे आहे. पैसे कुणी द्यायचे, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न गल्लीचा आहे. १२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री हनोईतील एका अरुंद गल्लीतल्या नऊमजली इमारतीला आग लागली. ५६ माणसे गेली. आगीचे मूळ तळमजल्यावर, रहिवाशांच्या दुचाकी उभ्या असत त्या जागी, एका मोटारसायकलीच्या तारांमधील शॉर्टसर्किटमध्ये सापडले. अग्निशमन दलाच्या गाड्या गल्लीत शिरू शकल्या नाहीत. त्यांना बाहेर थांबून नळ्या ओढाव्या लागल्या. ती इमारत पेट्रोलच्या गाड्यांच्या काळातली होती. आता त्याच तळमजल्यांवर, त्याच बैठकीच्या खोल्यांत रात्री बॅटऱ्या चार्ज करायला लावायच्या आहेत, आणि नळीघरात राहणारे लोक चार्जिंगची जागा नेमकी कुठे असेल, असे विचारत आहेत.